काटा

पहाटे चारला, रावपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर
हेमलताबाई कारखानीस शेगडीवर परात ठेवतात.
मंद कोळसे, मूठभर खसखस.
थंडी पाहिजे, म्हणतात, हलवा थंडीतच धरतो.
मी त्यांची भाडेकरू. माझाही एक तारा आहे,
दहा लाख वर्षांचा, म्हणजे अजून टाळू न भरलेला.
त्याच्याभोवतीची धुळीची चकती
तीन रात्री माझ्या लॅपटॉपवर फिरते आहे.

धूळ धुळीला चिकटते, इथवर गणित सरळ.
लोकरीला केस चिकटावेत तशी.
मग खडा होतो. मग कवेत मावेल एवढा धोंडा.
आणि मग, दर वेळी, तिथेच,
समोरून वायूचा वारा लागतो, धोंड्याची गती सुटते,
आणि तो गोल गोल आत घसरत
ताऱ्यात पडतो.
शंभरेक वर्षांत कारभार आटोपतो.
पृथ्वी होतच नाही.

"आच मोठी असेल," बाई म्हणाल्या, मान वर न करता.
चमचाभर पाक. बोटांनी हलवणं. पुन्हा चमचाभर.
भाजून भाजून त्यांची बोटं इतकी गुळगुळीत
की आधार कार्डाचं यंत्र त्यांना ओळखत नाही.
"घाई केलीस की पीठ होतं. हात थांबला की ढेप."
मध्ये आचेवर ओल टिकत नव्हती,
परातीच्या कडेला मात्र पांढरा, दमट थर.
माझ्या ताऱ्याचंही तसंच:
जवळ बर्फ नाही, नुसता दगड आणि लोखंड,
जे काय घडायचं ते त्यातूनच.

मग त्यांनी दाणे तळव्याने एका बाजूला ओढले, दाटीने.
"एकेकटा दाणा मोठा होत नाही गं.
घोळक्यात सोड."

घोळक्यात.
पुढचे वारा झेलतात, मागचे त्यांच्या आडोशाला,
मागून आणखी येत राहतात,
आणि एका क्षणी तो सगळा थवाच
स्वतःच्या वजनाने कोसळतो, आत, एकमेकांवर.
मी एक ओळ बदलली. खाली रस्त्यावर
मांजा रंगवणाऱ्यांनी गुलाबी दोर ताणायला घेतले होते.

पाचव्या दिवशी काटा आला.
आधी तीन दाण्यांवर, मग परातभर.
माझ्याकडे चौदा डोंगर फिरत होते, एकमेकांच्या वाटेत,
आणि दोघांची टक्कर होऊन
एकाला चंद्र सुटला होता.
मी ओरडलेच. बाईंनी चष्मा पुसून पाहिलं, म्हणाल्या,
"ओबडधोबडच आहेत की."

परातीत तळाशी चुरा उरला होता.
त्यांनी तो चहात टाकला,
दोन कपांत, सारखा.