सामाईक

हॅलिफॅक्सच्या नगरपालिकेत, तळघरात, एकच सर्व्हर
आणि त्यावर पाच बिऱ्हाडं:
ग्रंथालय, कचऱ्याच्या गाड्या, शाळेतली जेवणं,
पार्किंगचे दंड, दफनभूमी.
वेगळ्या मशीनसाठी मी दरवर्षी अर्ज करते.
कीथ म्हणतो, पुढच्या बजेटात बघू.

तोवर वाटण्या माझ्याकडं.
याला इतकी मेमरी, त्याला इतकी कनेक्शनं,
ज्याची त्याला किल्ली,
दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही.

वडिलांच्या भावकीत सामाईक विहिरीच्या बाऱ्या असत.
आमच्या वाट्याला बुधवारची रात्र.
पाट फोडणारा एक चुलता असतोच;
इथं तो पार्किंग.

महिनाअखेरीच्या शुक्रवारी त्यानं मोठा रिपोर्ट लावला
आणि सगळी डिस्क अडवून बसला.
दफनभूमीतून इमोजनचा फोन:
तारीख नोंदवता येत नाही,
स्क्रीनवर चाक फिरतंय, समोर मुलगा बसलाय.
तिच्या आवाजामागं कुणीतरी कपात
चमचा ढवळत होतं, थांबतच नव्हतं.
मी रिपोर्ट मारला.
खोळंबलेली ओळ सरकली:
होल्ड्सवर्थ, मॉरीन. बुधवार, सव्वा अकरा.

मारलेल्या रिपोर्टाची अर्धी फाइल उरली होती.
पुसायच्या आधी उघडली.
होल्ड्सवर्थ, एम. पस्तीस पौंड.
हॉस्पिटलच्या बाहेर, सत्तावीस मिनिटं जास्त.

मंगळवारी ग्रंथालयाच्या लॉगमध्ये पुन्हा तीच:
ठळक अक्षरांतली दोन पुस्तकं, मुदत संपली,
स्मरणपत्र पाठवलं.
त्याच सकाळी कचऱ्याची गाडीही गेली असणार.
तिच्या पत्त्यापुढं शेरा आहे:
पेटी दारातून आणावी, बाईंना जमत नाही.

पाचही किल्ल्या माझ्याच जुडग्यात.
एक जॉइन लिहिला असता
तर तिचं जाणं सगळ्या घरांत कळलं असतं.
पण भिंती मीच घातल्यात,
आणि त्या का घातल्या हेही मलाच माहीत आहे.
इमोजनला एवढंच म्हटलं,
त्या मुलाला सांग, बाकीच्या खात्यांनाही कळव म्हणावं.
ती म्हणाली, फॉर्म दिलाय. भरतात लोक, सावकाश.

आमच्याकडं कुणी गेलं
की त्याच्या बारीचं पाणी कुणी वळवत नसे.
रात्रभर मोट बंद.

बुधवारी रात्री मी काहीच लावलं नाही.
रिपोर्ट नाही, इंडेक्स नाही,
बॅकअपही गुरुवारवर ढकलला, जो मी कधी ढकलत नाही.
सर्व्हर नुसता गुणगुणत राहिला.

सकाळी कीथ आलेखाकडं बघत म्हणाला,
हे इतकं सपाट कसं?
म्हटलं, कुणाची तरी बारी होती.
त्यानं त्याचंही तिकीट उघडलं.