सव्वा इंच

प्राचार्य म्हणाले, सुवर्णमहोत्सवी अंकासाठी
मुलींच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास
दोन पानांत बसवा. फोटो असला तर एकच.

जिमखान्याचं कपाट उघडलं.
वर मुलांच्या कबड्डीच्या ढाली,
तळाशी आमचं रजिस्टर,
फुगलेलं, महापुराचा वास धरून बसलेलं.

चौऱ्याहत्तर साल. पाच नावं.
राखीव खेळाडूंची ओळ कोरी.
त्रिशला मगदूम. शकिला सतारमेकर, रोज मिरजेहून पहिल्या एस.टी.नं.
आरवाडे बहिणी दोघी.
आणि कुंदा वायदंडे, आईबरोबर पहाटे यार्डात हळद निवडून यायची;
चेंडूवर तिची पिवळी बोटं उमटत.
पंचांनी विचारलं, हे काय?
म्हणाली, सर, हे जात नसतंय.

कोल्हापूरच्या मॅचला शकिलाचे पाच फाउल झाले.
बदली कोण? कुणीच नाही.
शेवटची सहा मिनिटं चौघी खेळल्या.
एकेचाळीस–अडतीस. हरलो.
परतीच्या गाडीत भडंगाची पुडी फिरली
आणि शकिला खिडकीकडे तोंड करून
थेट अंकलीच्या पुलापर्यंत बोलली नाही.
(हे रजिस्टरात नाही. हे मला धाकट्या आरवाडेनं सांगितलं,
माझ्या लग्नात, अक्षता हातात घेऊन.)

शेरा या रकान्यात:
लग्न. लग्न. गुडघा. लग्न.
वडिलांची बदली. लग्न.
त्र्याऐंशी ते शहाऐंशी चार ओळींवर एकच आडवी रेघ
आणि बारीक अक्षरात, संघ नाही.
त्या चार वर्षांत कोर्टावर
हॉस्टेलचे पापड वाळत होते म्हणे.

रिंगा माधवनगरच्या लोहारानं केल्या होत्या,
बाबालालमामांनी हातानं माप दाखवलं तेवढ्या.
एक्क्याण्णवला पुण्याहून नव्या आल्या.
मामांनी जुनी उतरवून नवीवर ठेवली,
तर ती आत जाऊन बसली,
ताटात ताटली बसावी तशी.
सव्वा इंच.
सतरा वर्षं आम्ही सव्वा इंच कमी जागेत
चेंडू घालत होतो.

आकडे रजिस्टरात होतेच, कुणी वाचले नव्हते:
घरी एकोणीस–सतरा, घरी चौदा–बारा,
बाहेर छप्पन्न, बाहेर एकसष्ट.
पाहुण्या पोरी म्हणत, सांगलीचं ग्राउंड पनवती आहे.
आम्हाला वाटे, परगावी हात सुटतो
कारण तिथं ओळखीचं कुणी बघत नसतं.

कुंदाला सांगायला मामा यार्डात गेले.
ती पोत्यावर बसून हसली, डोळ्यांत पाणी येईतो,
मग म्हणाली, आणि मी आरशासमोर रडायची ओ,
मनगट वाकडं हाय म्हणून.

मी अठ्ठ्याऐंशी ते एक्क्याण्णव. जर्सी बारा.
बहुतेक वेळ बाकावर, पाण्याच्या बाटल्यांशेजारी.
एकूण गुण दोन, दोन्ही फ्री थ्रो, कऱ्हाडला.
नव्या रिंगवर एकदाच टाकला,
विहिरीत बादली सोडल्यासारखं वाटलं.
चुकला.

एकोणीसच्या ऑगस्टात पाणी बोर्डाच्या कडेला टेकलं.
कृष्णामाई इतक्या जवळ येऊन
लेअप न टाकताच परत गेली.
कोर्टावर गुडघाभर गाळ; पोरींनी फावड्यांनी काढला,
आणि फ्री थ्रोची रेघ सापडली तेव्हा
कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

परवा मामांची सून पिशवीतून जुनी रिंग घेऊन आली.
इतकी वर्षं त्यांच्या मोरीत
पाण्याची घागर हिच्यावर होती.
टेबलावर ठेवलीय. मध्ये दोन कोरी पानं.

ऋजुता कोळेकर, यंदाची कॅप्टन, जतची, पंप मागायला आली.
रिंगकडं बघून म्हणाली, मॅडम, ही लहान मुलांची आहे का?
म्हटलं, नाही.
तिनं चेंडू धरला, हात सरळ वर नेला,
टाकला नाही.
फक्त एक डोळा बारीक करून मोजत राहिली.