खण

उजवा डोळा बुधवारी झाला.
डावा तीन आठवड्यांनी, डॉक्टर छाजेड म्हणाले,
तोवर थेंब चार-चार तासांनी, डोक्यावरून अंघोळ नाही,
आणि मनोरमाताई, दुकानात जायची घाई नाही.

पट्टी काढली तेव्हा आधी नर्सचा कोट दिसला.
वाटलं, हिनं नीळ फार घातलीय.
मग रिक्षातून घरी येताना बघते
तर अख्ख्या इंदूरनं नीळ फार घातलेली:
राजवाड्यापुढच्या गायीला,
हलवायाच्या कढईतल्या दुधाला,
पोह्यांवरच्या कांद्यालासुद्धा.

नवव्या दिवशी गेलेच.
सीतलामाता बाजारात बारा फुटांची जागा,
पाटीवर अस्तर, फॉल, मॅचिंग.
एकतीस वर्षं बायका पदर काउंटरवर टाकतात
आणि मी न वळता मागं हात घालते.
अबोली तिसऱ्या ओळीत, डाळिंबी तिच्या खाली,
मग केतकी, गुलबक्षी, चिंतामणी.
वीज गेली तरी माझा हात चुकला नसता.
याचा मला गर्व होता,
त्या दिवशी सकाळी अकरापर्यंत होता.

शटर वर केलं, काळा चष्मा काढला.
चॉकलेटीच्या खणात जांभळा.
काळ्याच्या खणात गडद निळा, घडी नीट, काठ बाहेर.
मोतियाच्या जागी पांढरा, अगदी धुतल्यासारखा.
चिंतामणी मात्र आपल्या जागी होता
आणि इतका निळा
की त्याला हात लावायला मी कचरले.

नवल देपालपूरच्या बसनं येतो, सव्वाअकरा होतात.
दारातच थांबला. माझ्याकडे नाही,
माझ्या हातातल्या चष्म्याकडे बघत राहिला.
कधीपासून रे?
"दो दिवाली हो गई, ताई."

मग एकेक आठवत गेलं.
कुणी खरीच चॉकलेटी साडी घेऊन पायरी चढली
की हा आधीच शिडीवर:
तुम्ही बसा ताई, तो माल माळ्यावर आहे.
मी गिऱ्हाइकाला सांगायचे,
पोरगं कामाचं आहे, पण माल लावायचं वळण नाही.
शिडीवर त्याला ते ऐकू जायचं.

आणि त्याच्याही आधी एकदा
एक बाई कापड परत घेऊन आली होती,
वांगी मागितला, तुम्ही तपकिरी कापून दिलात म्हणाली.
मी तिला म्हटलं होतं,
बाई, डोळे तपासून घ्या.

पण मला काय दिसतं ते तुला कसं दिसलं?
त्यानं गल्ल्याखालचा खोका ओढला,
सुयांच्या डबीमागून काढला
शेवेच्या पाकिटाचा पिवळा पारदर्शक कागद,
चौकोनी कापलेला.
शटर पाडायच्या आधी तो डोळ्याला लावून
एकेक खण बघायचा.
कागदाला घडी होती.
आधी एकेरी होता, म्हणाला.
मागच्या होळीनंतर दुहेरी केला.

"वापस लगा दूं सब?"
मी म्हटलं, आधी चहा सांग. आल्याचा.

तो गेल्यावर उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला, हलकाच,
दाबायचा नाही असं सांगितलंय.
डाव्यात अजून बारा दिवसांचा उजेड होता,
खूप उकळलेल्या चहाच्या रंगाचा.
त्यात चॉकलेटी होता चॉकलेटीच्या खणात.
काळा काळ्याच्या.
एक घडी इकडची तिकडे नव्हती.

पायरीवर चपला वाजल्या, काउंटरवर पदर पडला.
याला काय आहे का मॅचिंग, मावशी?
उजवा डोळा तसाच झाकलेला ठेवून
मी मागं हात घातला.