जनावर नाही

दुर मुहम्मदनं आधी माझा हात मोजला,
खांद्यापासून करंगळीच्या टोकापर्यंत,
खोगीर शिवायच्या मळक्या टेपनं,
मग विचारलं, जनावर कोणतं?
उंट? घोडा?
जनावर नाही, चाचा. आवाज हवाय.
त्यानं कानामागची पेन्सिल काढली,
पुन्हा कानामागे ठेवली.
सात आठवडे लागतील, म्हणाला.

बारा वाद्यांची वीण. बोकडाचं कातडं.
पोटात छऱ्यांची सुतळीएवढी पिशवी,
मुठीला सिद्राचं लाकूड, म्हणजे आपली बोरच.
टोकाला नायलॉनचा झुबका. तो तुटतोच,
तो आपला आपण बदलायचा,
हे त्यानं दोनदा सांगितलं.
चरबीचा वास असा, की घरी येताना
मागच्या सीटवर कुणीतरी ओलं बसलंय
असं वाटून मी आरसा सारखा केला.

शुक्रवारची पहाट, इब्राच्या बाहेरची वाडी.
इथं वाडी म्हणजे आटलेली नदी,
आमच्याकडे वीस घरं आणि एक पार.
कोरड्या नदीत कोरडा घेऊन उभी राहिले
आणि एकटीच हसले.

पहिला फटका माझ्याच पोटरीवर.
दुसऱ्यानं टोपी नेली.
तिसऱ्याला नुसती वाळूत सळसळ,
विहिरीतून दोर ओढल्यासारखी.

बाबा मिरजेत टांगा हाकायचे,
स्टेशन, दर्गा, मिशन हॉस्पिटल.
राणीच्या पाठीला त्यांचा चाबूक कधी लागला नाही.
तिच्या कानाच्या वीतभर वर हवा फुटायची,
तेवढ्यावर ती वळायची.
जोर मारण्यात नसतो, म्हणायचे, सोडण्यात असतो.
हे भावाला सांगायचे. मी ओट्यावरून ऐकायची.
भावानं पुढे रिक्षा घेतली.

एक्स-रेच्या खोलीत दिवसाला चाळीस जणांना मी सांगते,
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
आज स्वतःला सांगितलं.
घेतला. रोखला.
मनगट वळलं, आणि सोडलं.

तो आवाज लिहिता येत नाही.
फाट् म्हणावं तर त्यातला फ फार मऊ.
टोक म्हणे आवाजाच्याही पुढे पळतं,
आणि मागे राहिलेला आवाज तडकतो.
समोरच्या काळ्या डोंगरानं तो तपासून पाहिला
आणि जसाच्या तसा परत केला.

तेव्हा दिसला शफिउल,
घाफच्या झाडाखाली, मालकाच्या एकोणीस शेळ्या घेऊन.
कोपर वर. तोंडासमोर आडवं.
आमच्यात तीस पावलं तरी असतील,
आणि चाबूक आठ फुटी, माझ्या मापाचा.
पण हे त्याच्या कोपराला कोण सांगणार.

मी काही विचारलं नाही.
कोपरांचे फोटो मी रोजच काढते.
जुनं, भरून आलेलं हाड
काचेवर जरा जास्त पांढरं दिसतं,
बाहेरून अस्तनीची घडीसुद्धा मोडत नाही.

चाबूक गुंडाळून त्याच्यापर्यंत चालत गेले,
मूठ त्याच्याकडे करून धरली.
त्यानं हात लुंगीला पुसला.
आधी वास घेतला, मग वीण मोजली,
बारा, म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं,
मी चूक काढते की काय म्हणून.

सहा वेळा सळसळ.
मी श्वासाचं सांगणार होते, गप्प राहिले.
सातव्याला डोंगर पुन्हा बोलला.
एका शेळीनं मान वर केली,
अठरांनी केली नाही.
शफिउल हसला वगैरे नाही.
डोंगराकडे तोंड करून त्यानं आणखी एक मारला,
आणखी एक,
आणि त्यानंतर मी मोजले नाहीत.

मग झुबका तुटला.
घाबरून तो गुडघ्यांवर बसला, वाळू चाळू लागला.
अरे, तो तुटतोच, मी म्हटलं,
एकदा हिंदीत, एकदा खुणेनं.
तरी शोधत राहिला, ऊन डोक्यावर येईतो,
आणि सापडल्यावर
तो बोटभर पिवळा धागा
दोन्ही हातांत घेऊन आला.