राजम्याचे वीस दाणे

उणे एकतीस. खिडकीबाहेर विनिपेग सरोवर पांढरं, आडवं,
काठचा रस्ताही कालपासून दिसत नाही.
म्हणून आमचं फिरणं कॉरिडॉरमध्ये:
लिफ्टपासून औषधांच्या खोलीपर्यंत
एकाहत्तर पावलं माझी,
थोरवाल्डुरची चोपन्न.

रोज वीस फेऱ्या, असं फिजिओथेरपीवाल्या पोरीचं फर्मान.
आकडा कुणाच्या ध्यानात राहत नाही,
तेव्हा ओल्हाने तोडगा काढला:
डाव्या खिशात राजम्याचे वीस दाणे,
फेरी झाली की एक उजव्या खिशात.
खोटं बोलायचं तर दाण्यांशी बोलावं लागतं.

मी बोलायचे.
दोन-दोन, तीन-तीन एकदम सरकवायचे.
बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली,
बसून राहण्यात माझा हात कोण धरणार?

थोरवाल्डुर मात्र चोख.
सत्तेचाळीस हिवाळे त्याने बर्फाला भोकं पाडून
या सरोवरात जाळी सोडली.
पहारीचा एक ठोका, आणि कान.
आवाज जड, खोल आला तर पुढे.
बारीक, काचेसारखा आला तर आल्या पावली मागे.
"डॉक्टर छातीला नळी लावून तेच ऐकतो," तो म्हणायचा,
"फक्त सांगत नाही, पुढे की मागे."

शुक्रवारी, न्याहारीआधी,
अकरावी फेरी संपवून तो वळला
आणि आग विझवायच्या नळकांड्यापाशी थांबला.
भिंतीवर तळहात, जणू भिंतीची जाडी जोखतोय.
"जबडा दुखतोय," म्हणाला,
"दात नाहीत तिथेसुद्धा."
आम्ही हसलो. हे मी लपवणार नाही.
दोघीही हसलो,
आणि मग ओल्हाला त्याच्या कपाळावरचा घाम दिसला.

ती धावली नाही, तिला धावता येत नाही.
भिंतीवरची लाल दोरी ओढली,
त्याला खाली बसवलं,
स्वतः त्याच्या पाठीला पाठ लावून बसली
आणि मला म्हणाली, तू जा,
दारापाशी उभी राहा, अँब्युलन्सवाल्यांना वाट दाखव.
मी गेले. लिफ्टची वाट न बघता
दोन जिने उतरले, कठड्याला धरून.
खिशात दाणे वाजत होते,
अठरा उजवीकडे.
त्यांतले खरे सात.

तीन आठवड्यांनी तो परतला, दोन स्टेंट घेऊन,
आवाज पातळ, पँट सैल.
इस्पितळाने सामान प्लास्टिकच्या पिशवीत दिलेलं:
घड्याळ, चष्मा, कवळी,
आणि वीस दाणे, सगळे एकत्र.
"अकरा झाल्या होत्या," पिशवी हलवत तो म्हणाला,
"नऊ राहिल्यात."
ओल्हा म्हणाली, शून्यापासून.
पोरीने सांगितलंय, पहिल्या दिवशी दोन, त्याही माझा हात धरून.
"मग झालेल्या अकरा कुठे गेल्या?"
वाद जेवणभर चालला.
सूप निवलं, तेच बिनमिठाचं,
गरम असतानाही कुणाला नको असलेलं.

शेवटी त्याने नऊ दाणे मोजले,
माझ्याकडे न बघता माझ्या डाव्या खिशात टाकले.
"या तू फेड," म्हणाला. "एकेक."
म्हणजे त्याला ठाऊक होतं.
कधीपासून, ते मी विचारलं नाही.

रात्री सरोवर कडाडतं.
पूर्वी मला वाटायचं, फुटतंय.
तो म्हणतो, नाही, जाड होतंय.
उशीला कान लावला की मलाही एक आवाज येतो,
जड की बारीक, मला कळत नाही,
पण आता ऐकते तरी.

नवातल्या सहा झाल्या,
चार दिवसांत, मध्ये खुर्चीवर बसत.
गुडघा बोंबलतोय.
तीन बाकी, त्या उद्या करीन म्हणत होते,
आज आंघोळीचा वार आहे,
पण ओल्हा दार वाजवतेय.