लेंडीखत, पाच डॉलर

ओटामुरीच्या वेशीवर, पेट्रोल पंपासमोर,
फळीवर रंगानं लिहिलंय:
लेंडीखत. पोतं पाच डॉलर.
शेजारी डबा. कुलूप आहे, राखणदार नाही.
दर शनिवारी मी, क्लबचा खजिनदार, किल्ली घेऊन येतो.
कधी डब्यात शर्टाचं बटण निघतं.
एकदा चिठ्ठी निघाली: सुटे नाहीत, मंगळवारी देतो.
मंगळवारी दिले. दहाची नोट,
आणि डब्यावर ठेवलेला एक कोबी.
कोबी हिशेबाच्या वहीत कुठं लिहायचा
यावर आमची एक आख्खी बैठक गेली.

आता हे खत येतं कुठून, तर
मेंढ्या कातरायच्या शेडला जमीन असते फळ्यांची,
फळीफळीत बोटभर फट.
वर मेंढ्या रात्रभर उभ्या, सकाळच्या कात्रीची वाट बघत.
खाली साचत जातं.
ते उपसायला कुणीतरी पोटावर सरपटत जावं लागतं.
आम्ही जातो.
पूर्वी एकतीस जण होतो, आता नऊ,
त्यात सात गुडघे धातूचे.

पैसे गाडीसाठी.
आठवड्यातून तीनदा ती इन्व्हरकार्गिलला जाते,
रक्त धुऊन घेणाऱ्यांना नेते, आणते.
हेटी पराता मागच्या सीटवर विणत बसते:
जाताना एक बाही,
येताना नुसती झोप, मांडीवर सुया.

यंदा रोडेलिओ आला.
मॅकॉर्किंडेलबाईंच्या गोठ्यावर दूध काढतो,
इलोइलोचा, अंगानं वेताच्या छडीसारखा.
क्लबात का यायचंय, असं इस्लानं रीतसर विचारलं.
म्हणाला, रविवारी करायला काही नसतं.
इतकं खरं उत्तर
आमच्या इतिवृत्तात पहिल्यांदाच नोंदलं गेलं.

शेडचा ईशान्य कोपरा फार बुटका.
आमची पोटं सुटली तेव्हापासून तिथं कुणी गेलेलं नाही.
तो गेला. दातांत बॅटरी, हातात तोडक्या दांड्याचं फावडं.
बराच वेळ नुसतं खरवडणं.
मग ते थांबलं.

इथं नावं आहेत, तो खालून म्हणाला,
तुळईवर. खिळ्यानं कोरलेली.
वाचू?

वर आम्ही रिकामी पोती धरून उभे.
आर्ची बिगर, तो म्हणाला. (त्यानं बिगार असं वाचलं.)
टेड हुरिवाई.
डगल, पुढचं खाल्लंय किडीनं.
एल. टॉम्लिन, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर.
मर्व्ह टॉम्लिननं टोपी काढली,
मग ती कुठं ठेवावी कळेना, परत घातली.
फटीफटींतून एकेक नाव वर येत होतं,
आमच्या बुटांना लागत होतं
आणि कुणीच पाय हलवत नव्हतं.

एक अर्धंच आहे, तो म्हणाला. ग्रे. पुढे काही नाही.

ते मी.
बावीस वर्षांचा होतो, उताणा पडलेला, डोळ्यांत धूळ.
कुणीतरी जेवायला हाक मारली
आणि मी खिळा टाकला. उद्या पुरं करू म्हटलं.
दुसऱ्या दिवशी काय होतं, देव जाणे. पाऊस असेल.
इथं बहुधा पाऊसच असतो.

पुरं करू का? खालून आवाज.
नको, मी म्हटलं, राहू दे तसंच.
आधी तुझं लिही.

मग खिळ्याचा आवाज. लांबलचक.
त्याचं नाव मोठं, आडनाव त्याहून मोठं.
इस्लानं थर्मास उघडला, चहा ओतला,
तो निवला तरी आवाज चालूच.
मर्व्ह म्हणाला, या गतीनं
सगळे फिलिपिनो क्लबात आले तर तुळया पुरायच्या नाहीत.
हसलो. रोडेलिओही हसला, जमिनीखालून.

संध्याकाळपर्यंत दोनशे चौदा पोती.
सहा डॉलर करावेत का, यावर भांडण झालं;
फळी परत रंगवावी लागेल म्हणून पाचच ठेवले.
गाडीच्या पुढच्या दोन टायरांचं भागलं.
मागच्यांचं पुढच्या वर्षी बघू.
हेटीला एवढ्यात काही बोलू नका.