काळ्या टेपचा तुकडा

बैंगनवाडी, दुपारचे पावणेदोन.
माझ्या हातात पिवळं पिस्तूल;
पोरं आधी हात वर करतात, मग हसतात.
"ताप बघता का, मॅडम?"
नाही रे, हे कपाळासाठी नाही.
पत्र्यांसाठी आहे.

नफीसाबींनी बसल्या जागेवरून वर बोट केलं.
नवाच हाय. बकरी ईदच्या आदल्या आठवड्यात टाकला,
व्याजाने पैसे काढून.
अजून आरशासारखा.
खरंच. त्यात माझी ओढणी दिसत होती,
एक हिरवट डाग होऊन.

चाप ओढला. लाल ठिपका वर जाऊन बसला.
सदतीस पॉइंट दोन.
मी लिहून टाकलं.
किती आलं? त्यांनी विचारलं. सांगितलं.
"तुमचा कागद लई गार हाय," म्हणाल्या,
आणि मोरीजवळचं स्टूल ओढून दिलं.
चढा. हात लावा.

तळहात पुरता टेकलाही नसेल.
खाली उतरले तेव्हा
बोटं तोंडात होती, लहान मुलासारखी.

तांबोळकर सरांनी सगळं सांगितलं होतं की,
एसीच्या खोलीत, बिस्किटं खाता खाता:
लाल ठिपका म्हणजे माप नव्हे,
तो फक्त बोट दाखवतो,
मोजलं जातं ते भोवतीचं न दिसणारं वर्तुळ.
बारास एक. बारा विती लांब उभ्या राहिलात
तर वीतभर रुंद. म्हणून जवळ जा.
आणि चकाकत्या धातूवर भरवसा ठेवू नका,
तो स्वतःचं फार थोडं सांगतो,
समोर जे असेल तेच परत करतो.
मी वहीत उतरवलं होतं. खाली दोन रेघा मारल्या होत्या.

म्हणजे ते सदतीस पत्र्याचं नव्हतंच.
आमचं होतं:
माझं, नफीसाबींचं,
ओल्या पंचावर झोपलेल्या नातवाचं,
मघाशी विझवलेल्या स्टोव्हचं थोडं.
आमचीच ऊब वर जाऊन खाली आली
आणि मी तिला छत म्हणाले.

पलीकडे तौफिक पंख्यांच्या मोटारी भरतो.
काय पाहिजे ते त्याने एका वाक्यात ओळखलं,
काळी टेप दातांनी तोडली,
स्टुलावर चढून पत्र्याला चिकटवली, अंगठ्याने घासून,
एकही बुडबुडा न ठेवता.
आता थांबायचं, मी म्हणाले,
टेपला पत्र्याएवढं तापू दे.

तेवढ्यात नफीसाबींनी पाणी दिलं.
उदगीरला घरावर माती होती, म्हणाल्या.
पुढे काही बोलल्या नाहीत.

पिस्तूल वर नेलं, अगदी जवळ,
वर्तुळ टेपच्या आत मावेल इतकं.
अठ्ठावन्न पॉइंट सहा.
त्यांनी मान हलवली,
दुसऱ्यांदा तोलल्यावर वजन बरोबर भरलं
की वाण्यापुढे हलवतात तशी.

सदतीस खोडलं.
मग मागची पानं चाळली, सकाळपासूनची.
गंजलेले पत्रे नीट आले होते,
गंजाला लपवता येत नाही.
नवे अकरा.
अकरा घरं माझ्या कागदावर
झाडाखाली असल्यासारखी.
कुणी म्हणालं असतं, बघा, नव्या पत्र्याने भागतंय.
आणि खाली माझी सही.

तौफिकने अख्खं रीळ दिलं.
पैसे? उद्या द्या.
मी पहिल्या गल्लीकडे वळले,
बोटं अजून चुरचुरत होती.

मागून नफीसाबींचा आवाज:
"ही टेप राहू दे का वर?
दुसरं कुणी मोजायला आलं तर?"